‘तू कुठं होतीस?’ या प्रश्नाला जात असते

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न काकूंना विचारला गेला. मुलीला काय झालं, हा नाही. तो कोण होता, हाही नाही. “तू कुठं होतीस?”

दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या बाईंनी तोच प्रश्न विचारला. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी तोच विचारला. आणि काही वर्षांनी उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी तोच प्रश्न जरा सभ्य करून विचारला, “घटनेच्या वेळी आपण घरी नव्हता, बरोबर?” काकूंचं उत्तर चारही वेळा एकच होतं. “उसात.”

काकांना हा प्रश्न कुणीच विचारला नाही. तेही उसातच होते.

ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत, नाव-गाव काही लिहिणार नाही. मुलगी विशीतली. लहानपणी तापात कान गेले. शाळेत कधी गेली नाही, कारण मूकबधिर शाळा जिल्ह्याच्या गावी आणि मुलीला वसतिगृहात ठेवायचा धीर घरच्यांना झाला नाही. आई-बाप ऊसतोडीला. दिवाळीनंतर टोळी निघते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. या दोघांनी मुलीला आजीजवळ घरी ठेवलं, कारण फडावरच्या कोपीला दार नसतं आणि घराला दार आहे. काकूंचा हिशोब एवढाच होता, आणि तो चुकीचा नव्हता. चूक त्या माणसाची होती, जो आजी रेशनला गेलेली बघून त्या दारातून आत आला. तो गावातल्या जमीनवाल्या घरातला, रोजच्या बघण्यातला.

मुलगी दोन दिवस जेवली नाही. शेजारच्या पोरानं आईला व्हिडिओ कॉल लावून दिला. त्या छोट्या पडद्यावर पोरीनं जे हातवारे केले, ते बघून काकूंनी कोयता खाली ठेवला. पण उचल फिटली नव्हती, मुकादमानं सोडायला दोन दिवस घेतले, गावी पोचायला आणखी एक. गुन्हा नोंदवायला झालेला तो उशीर पुढे कोर्टात आमच्याविरुद्ध वापरला गेला.

म्हणून मी म्हणते की ‘तू कुठं होतीस?’ हा चौकशीचा प्रश्न नाही. ज्या घरात आई घरी असते, तिथे तो विचारावा लागत नाही. जिथे पगारी बाई मुलीला सांभाळते, तिथे तो विचारायची हिंमत होत नाही. तो विचारला जातो तो जिची मजुरी बुडाली तर चूल विझते अशा बाईला. तिच्या जातीनं तिला कुठल्या कामाला लावलं, हे विचारणाऱ्याला नीट माहीत असतं. तरी तो विचारतो, कारण उत्तर मिळताच दोष आईकडे सरकतो आणि सगळ्यांचं काम हलकं होतं.

*

आता आपल्याबद्दल. ‘आपल्या’ म्हणजे हे वाचणाऱ्यांबद्दल. घराण्यातली पहिली पदवी ज्यांच्या हातात आली, त्यांना हा फोन कधी ना कधी येतो. मला आला तेव्हा मी एम.ए.ला होते. “तू शिकलेली हायेस माय, तू चल संगं.” आपल्या वस्तीत शिकलेला माणूस म्हणजे वकील, कारकून, समाजसेवक आणि दुभाषी, सगळं एकाच अंगात. मी गेले. तिथे मी काय करून ठेवलं ते सांगते, कारण हा लेख त्यासाठीच आहे.

ठाण्यात गुन्हा नोंदवायला टाळाटाळ चालली होती. मी तावातावानं कलमं सांगितली, ॲट्रॉसिटी लावायला लावली, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. जबाब लिहायची वेळ आली तेव्हा अंमलदारांनी विचारलं, “हिचं कोण सांगणार?” मी म्हटलं, “आई सांगेल, मी आहेच.” मुलगी खुणा करत होती, काकू रडत अर्धं सांगत होत्या, उरलेलं मी पूर्ण करत होते. मुलीनं बोट गळ्याभोवती फिरवलं. काकूंचं तोंड पदरात होतं. मी सांगितलं, “गळा कापीन अशी धमकी दिली म्हणते.” तसं लिहिलं गेलं.

कित्येक आठवड्यांनी एका विशेष शिक्षिकेनं तिच्याशी तीन बैठका केल्या, तेव्हा कळलं की ती धमकी नव्हतीच. ते नाव होतं. त्या माणसाच्या गळ्यात जाड गोफ असतो, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला तिनं अशीच नावं दिलेली आहेत. आजीचं नाव म्हणजे दाढेवर बोट, कारण आजी मिश्री लावते. मुकादमाचं नाव म्हणजे बोटानं नोटा मोजणं. माझं नाव म्हणजे दोन बोटांनी चष्मा वर सरकवणं. तिनं पहिल्याच दिवशी, पहिल्याच खुणेत आरोपीचं नाव सांगितलं होतं. मी ते खोडून तिथे माझ्या डोक्यातला सिनेमा लिहिला होता.

पुरवणी जबाबात ते दुरुस्त झालं. पण आधीच्या जबाबात एक आणि नंतरच्यात दुसरं, ही विसंगती मी आरोपीच्या वकिलांना बसल्या जागी पुरवली होती. खटला आता संपला आहे. निकाल काय लागला ते लिहीत नाही, त्यावरून प्रकरण ओळखता येईल.

माझ्या अज्ञानाला माफी नाही, कारण कायदा तेव्हाही होता. २०१३ च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट घातलं होतं, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तेच आहे. पीडित व्यक्ती अपंग असेल तर, अपंगत्व कायमचं असो की तात्पुरतं, तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या, तिनं निवडलेल्या जागी घ्यायची. दुभाषी किंवा विशेष शिक्षक हजर हवा. त्याचं व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवं. दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३ खाली असा चित्रित जबाब झाला, की तो खटल्यात सरतपासणी म्हणून धरता येतो, म्हणजे तिला तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडीच साक्ष आहे, दुय्यम नाही. हे ठाण्यात कुणी आपणहून सांगत नाही. मागावं लागतं, आणि नाही म्हटलं तर लेखी मागावं लागतं.

पण इथे एक गाठ आहे आणि ती कलम पाठ करून सुटत नाही. सांकेतिक भाषेचा प्रशिक्षित दुभाषी आला तरी त्याला भारतीय सांकेतिक भाषा येते, आणि आमच्या मुलीला ती येत नाही. तिच्याकडे घरच्या खुणा आहेत, ज्या फक्त आई आणि आजीला कळतात. २०१२ साली राजस्थानच्या एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुभाषी त्याच परिसरातला असावा, पण त्याचा प्रकरणात हितसंबंध नसावा, आणि त्याला शपथ द्यावी. कागदावर किती बरोबर वाटतं! आता वस्तीत येऊन बघा. ‘त्याच परिसरातला’ म्हणजे कोण? वस्तीतला असेल तर भावकीतला, म्हणजे हितसंबंध आला. गावातला असेल तर आरोपीच्या शेतावर कामाला जाणारा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा हितसंबंध आला. ज्या गावाची रचनाच जातीनं दोन तुकड्यांत केली आहे, तिथे मधला माणूस आणायचा कुठून?

आमच्याकडे यातून वाट काढली ती त्या विशेष शिक्षिकेनं. पहिली बैठक तिनं प्रकरणाबद्दल एक शब्द न काढता घेतली. फक्त मुलीच्या खुणा शिकली. आजी, शेळी, बाजार, काल, उद्या, रागावणं. कुठली खूण कशाची याची यादी केली, आईला वेगळं विचारून ती ताडून पाहिली. मग आईला बाहेर बसवून प्रकरणावर आली. या कामाला वेळ लागतो, आणि ठाण्यात बसलेल्या साहेबांना वेळ नको असतो. आपल्यासारख्या सोबत्याचं काम तो वेळ मिळवून देणं आहे. वाक्य पूर्ण करणं नाही.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला सगळ्यात जास्त टोचली. जेवण, पाणी, ऊस, पैसे, देव, सगळ्याला खूण होती. अंगाच्या कुठल्याच खासगी भागाला खूण नव्हती. पाळीलाही नव्हती, त्या दिवसांत तिला नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं जायचं. हातानं बोलणाऱ्या मुलीला आपण वीस वर्षं अंगाबद्दल एकही शब्द देत नाही, आणि मग ठाण्यात विचारतो, “नीट सांग, नक्की काय केलं?” शेवटी कागदावर चित्र काढून विचारावं लागलं.

*

एक शब्द मी मुद्दाम वापरते आहे तो म्हणजे अपंग. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द पुढे केला आणि बघता बघता तो सरकारी पाट्यांवर चढला. ‘हरिजन’ हा शब्द आपण का नाकारला हे ज्यांना कळतं, त्यांना ‘दिव्यांग’मधली लबाडी वेगळी समजावून सांगायला नको. देवाचं नाव चिकटवलं की हक्क द्यावा लागत नाही. आणि देव जिथे येतो तिथे मागोमाग पूर्वजन्म येतो. “मागच्या जन्माचं काहीतरी असेल” हे वाक्य काकूंनी मुलीचे कान गेले तेव्हा ऐकलं आणि बलात्कार झाल्यावर पुन्हा ऐकलं. आपल्या जातीबद्दल आपल्या पणज्यांना हेच सांगितलं गेलं होतं. बाबासाहेबांच्या मागे जाऊन कर्मविपाक झुगारणारी आपली माणसंही अपंग लेकराच्या पाळण्याशी आली की हळूच तो परत उचलतात. हे मी आमच्याच घरांत पाहिलंय.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जात टिकते कशी याचं यंत्र उघडून दाखवलं. जातीतल्या जातीत लग्न हे त्याचं मूळ, आणि जोडीदार मेल्यावर ‘जास्तीची’ उरलेली बाई हा त्या व्यवस्थेपुढचा पेच. तिला जाळायचं किंवा जन्मभर विधवा ठेवायचं. मला वाटतं, अपंग मुलगी या हिशोबात लग्नाच्या वयाच्या आधीच जास्तीची धरली जाते. तिचं लग्न होणार नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं, म्हणून तिच्यावर झालेल्या अत्याचारात कुणाची ‘इज्जत’ गेली असंही गावाला वाटत नाही. आमच्याकडे तडजोड घेऊन आलेल्या माणसानं हेच म्हटलं, “तिचं तसंही कुठं काय होणार होतं?” सोबत रक्कम सांगितली. एकानं तर आरोपीशीच लग्न लावून द्यायचा तोडगा काढला आणि वर उपकाराचा चेहरा केला.

आणि यातून जे ‘संरक्षण’ निघतं, ते बघा. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. देशभरातून विरोध झाला, पण विचार मेला नाही. आमच्या प्रकरणातही एका शहाण्या नातेवाइकानं सुचवलं की आता पिशवी काढून टाका, पुन्हा ताप नको. ऊसतोडीच्या पट्ट्यात हे सुचणं सोपं आहे. बीड जिल्ह्यात तोडकरी बायांची गर्भाशयं कशी सर्रास काढली गेली, हे २०१९ साली सगळ्या राज्यानं वाचलं. तिथे पाळीत खाडा नको म्हणून पिशवी जाते. इथे अत्याचार पुन्हा झाला तर दिवस राहायला नकोत म्हणून. म्हणजे अत्याचार पुन्हा होणार हे मान्य आहे, फक्त तो दिसायला नको. याला संरक्षण म्हणायचं?

चंदीगडच्या एका सरकारी संस्थेत राहणाऱ्या मतिमंद तरुणीवर त्याच सरकारी छत्राखाली बलात्कार झाला आणि तिला दिवस गेले. उच्च न्यायालयानं तिच्या भल्यासाठी म्हणून गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तिच्या संमतीवाचून हे करता येणार नाही. आज अपंग व्यक्ती हक्क कायद्यात, २०१६ च्या, अपंग बाईचा तिच्या संमतीशिवाय गर्भपात करणं हा शिक्षेचा गुन्हा आहे. तीव्र अपंगत्वाच्या बाबतीत पालकांची संमती आणि डॉक्टरांचं मत अशी पळवाट त्यात ठेवली आहे, हेही सांगून टाकते. ‘तिच्यासाठी आम्ही ठरवलं’ हे वाक्य न्यायालयातून निघो, सरकारातून निघो की आपल्या ओट्यावरून, ते मला सारखंच ऐकू येतं.

*

जात आणि अपंगत्व एकाच बाईच्या अंगावर येतात तेव्हा कायदा कसा अडखळतो, याचं सगळ्यात ठळक उदाहरण आंध्रातलं आहे. पटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, निकाल एप्रिल २०२१. जन्मापासून अंध, अनुसूचित जातीतली तरुणी. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. आई जवळच होती, ओरडणं ऐकून धावली. म्हणजे इथे आई ‘घरी’ होती, तरी झालं ते झालंच. मुलीनं त्याला आवाजावरून ओळखलं. सर्वोच्च न्यायालयानं तिची साक्ष पूर्ण मानली, अपंग बाईची साक्ष दुबळी समजू नये असं ठामपणे लिहिलं, जन्मठेप कायम ठेवली. जात, लिंग आणि अपंगत्व एकमेकांत कसे गुंततात यावर त्या निकालात पानंच्या पानं आहेत, आणि खरंच चांगली आहेत. समाजशास्त्राच्या वर्गात मी ती शिकवते.

आणि त्याच निकालात ॲट्रॉसिटीचं कलम ३(२)(व्ही) उडालं. कारण जुन्या शब्दरचनेप्रमाणे गुन्हा जातीच्या ‘कारणावरून’ झाला हे वेगळ्या पुराव्यानं सिद्ध व्हायला हवं होतं, आणि तसा पुरावा नव्हता. ती अंध होती म्हणून, की बाई होती म्हणून, की दलित होती म्हणून, हे सुटं करून दाखवा, असं कायदा विचारत होता. सुटं होत नाही, हे न्यायालयानं स्वतःच आधी लिहिलं होतं!

त्यातून आपण घ्यायचं ते अगदी रोकडं आहे. २०१६ पासून या कलमाचे शब्द बदलले आहेत. पीडित अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं आता पुरे. म्हणून पहिल्याच जबाबात हे यायला हवं की तो कुठल्या गल्लीत राहतो, आपली वस्ती त्याला कशी माहीत, आपल्या घरातलं कोण त्याच्या शेतावर कामाला जात होतं. आणि मुलीचं अपंगत्वही त्याच जबाबात यायला हवं, कारण अपंग बाईवरचा बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा आहे, आता न्याय संहितेच्या कलम ६४(२)(के) खाली. एक लिहिलं म्हणून दुसरं सोडू नका. ठाण्यात “एकच काहीतरी लिहू” असं म्हणतात. दोन्ही लिहायला लावा.

आपल्या चळवळीलाही इथे सोडणार नाही. प्रकरण कळताच गावात दोन संघटना आल्या. दोघींचे मोर्चे, दोघींचे फ्लेक्स. एका फ्लेक्सवर मुलीचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली, जणू त्या पट्टीनं कुणी ओळखणार नाही. पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे, पण मला त्याहून जास्त लागलं ते हे की मुलीनं तो फ्लेक्स एस.टी.तून पाहिला आणि पुढचे काही दिवस घराबाहेर आली नाही. काकूंना स्टेजवर बसवलं, माईक दिला, रडू आलं तेव्हा कॅमेरे पुढे सरकले. मोर्च्यामुळे आरोपी लवकर पकडला गेला हे मी नाकारत नाही. पण तारखा सुरू झाल्या तेव्हा त्या स्टेजवरचं एकही माणूस कोर्टाच्या आवारात नव्हतं. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, ते जातीनं त्यांना खालचं मानणाऱ्या घरांतल्या विधवांसाठी. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल ठेवायचं तर ठेवा. तिथे आलेल्या काशीबाईचं मूल त्यांनी पुढे दत्तक घेतलं. तिला आधी स्टेजवर बसवलं नाही.

*

सोबत करणं म्हणजे रोज काय, तेही थोडं लिहिते, कारण कुणी लिहीत नाही. सुरुवातीचं म्हणजे तपासणीआधी अंघोळ नको, कपडे प्लॅस्टिकमध्ये नकोत, कागदात. दवाखाना खासगी असला तरी उपचार मोफत द्यायला कायद्यानं बांधलेला आहे. तपासणीची संमती मुलीला समजेल अशा तऱ्हेनं तिलाच विचारायची, परस्पर आईची सही घ्यायची नाही.

पण खरं जड होतं ते नंतरचं. मुलीनं केसांना हात लावू देणं बंद केलं. आजी वेणी घालायला आली की ढकलायची. आजीला वाटलं, मी रेशनला गेले म्हणून पोर माझ्यावर राग धरून आहे, आणि तिनं अन्न सोडलं. घरच्यांनी भीतीपोटी बाहेरून कडी घालायला सुरुवात केली. म्हणजे त्यानं आतून लावली होती, आता आपण बाहेरून. मी ते बोलले तेव्हा काकू माझ्यावर चिडल्या. “तू दोन दिवसांनी जातीस पुण्याला, मी काय करू?” बरोबर होतं त्यांचं. शेवटी कडी आतून बसवली, मुलीच्या हाताला येईल अशी. वेणीचं मुलीवर सोडलं. काही महिन्यांनी ती आपणच आजीपुढे फणी घेऊन बसली. कोर्टात जायच्या आधी एका रिकाम्या दिवशी तिला ती खोली दाखवून आणली. साहेब कुठे बसतात, ती कुठे उभी राहणार, तो कुठे असणार. तिनं तो कोपरा दोनदा विचारून घेतला.

या सगळ्यात काकूंचं काय, हे विचारायला मला वर्ष लागलं. त्या रात्री झोपत नव्हत्या, मुलीच्या पायाला दोरी बांधून तिचं टोक आपल्या मनगटाला बांधून पडायच्या. आईच्या त्यागाचं कौतुक करणारी माणसं खूप भेटली. तिला दोन रात्री नीट झोपू द्यावं म्हणून मुलीजवळ राहायला आलेली बाई एकच, वस्तीतली अंगणवाडी मदतनीस.

आणि पैसा. त्याबद्दल बोलताना आपल्याला लाज वाटते, जणू पैसे मागितले की अत्याचार खोटा ठरतो. ॲट्रॉसिटी नियमांप्रमाणे बलात्काराच्या प्रकरणात अर्थसाहाय्य तीन टप्प्यांत मिळतं. निम्मं वैद्यकीय तपासणी आणि तिच्या अहवालानंतर, पाव आरोपपत्र कोर्टात गेल्यावर, पाव खालच्या कोर्टातला खटला संपल्यावर. ते मुलीच्या नावच्या खात्यात जमा झालं पाहिजे, काकाच्या नाही, मामाच्या नाही. आमच्याकडे यावरून घरात भांडण झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

त्याहून कमी माहीत असलेला आहे नियम ११. महिला साक्षीदार, अल्पवयीन, साठीच्या पुढची माणसं आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेली व्यक्ती, यांना तारखेला आपल्या पसंतीचा सोबती नेता येतो. पसंतीचा, म्हणजे तिच्या पसंतीचा. त्या सोबत्यालाही प्रवासखर्च आणि रोजचा भत्ता मिळतो, आणि तो भत्ता शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे सोबत करणं हे काम आहे, त्यात मजुरी बुडते आणि ती शासनानं भरून द्यायची, हे नियमात लिहिलेलं आहे. ज्या व्यवस्थेनं काकूंना ‘कुठं होतीस’ विचारलं, तिच्याच पुस्तकात याचं उत्तर आहे की ती कामावर होती आणि आता आमच्यामुळे कामावर नाही.

काकूंच्या १४ तारखा झाल्या. त्यातल्या ५ ऐन हंगामात, म्हणजे ५ दिवसांची मजुरी बुडाली आणि वर मुकादमानं लावलेले ५ खाडे. नियमाप्रमाणे भत्ता लगेच, किंवा फार तर तीन दिवसांत द्यायचा असतो. मी अर्ज केला, एस.टी.ची तिकिटं जोडली, कोर्टाचे हजेरीचे दाखले जोडले. संबंधित कार्यालयातल्या बाबूंनी विचारलं, “खाडा म्हणजे काय? असा कुठला हेड नाही आमच्याकडे.” मी म्हटलं, खाडा नका देऊ, भत्ता द्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा अर्ज सापडत नव्हता. तिसऱ्यांदा नवा दिला, या वेळी पोच घेतली. ती पोच काकूंनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे, आणि दर महिन्याला माझा फोन येतो का म्हणून वाट न बघता त्या स्वतःच तिथे जाऊन ती टेबलावर ठेवतात.